सामानाजवळ सुखदेवभाऊ

यंदा चैत्रात आमच्या गल्लीचा जथा पुन्हा वैष्णोदेवीला निघणार म्हणून मारुतीच्या देवळात बैठक भरली. कोण येणार, भुसावळला गाडी कुठली धरायची, धपाटे कुणी करायचे आणि चटणी कुणी, सगळं पटापट ठरलं. मग कुणीतरी विचारलं, "अन् वर गेल्यावर सामानाजवळ कोन थांबन?" झालं! सगळे छताकडे पाहायला लागले. एकाला एकदम फोन आला, एकीला घरी दूध तापत ठेवल्याचं आठवलं. मी तिथून उठून सरळ घरी आले. मला रडू वगैरे आलं नाही, राग आला.

हा प्रश्न आमच्यात कधी कुणी पुरा विचारलाच नव्हता. "सामानाजवळ" एवढं म्हणेपर्यंत उत्तर यायचं, "मी आहो ना. जा तुमी." ते उत्तर देणारे सुखदेवभाऊ मागच्या पोळ्यानंतर आठ दिवसांत गेले. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलायचं असतं म्हणे. मी बोलेन, पण आधी भांडून घेणार. मी बत्तीस वर्षं शाळेत पोरं हाकली, एकाही पोरानं मला इतकं छळलं नाही जितकं या माणसानं छळलं.

अकोल्याच्या जुन्या शहरात आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. शेत बार्शीटाकळीच्या रस्त्याला, त्यात शेवंती, झेंडू, थोडा निशिगंध. भाऊ ती फुलं आणून बाजारात विकायचे. उंच, वाळका माणूस, पांढरा पायजमा, खांद्यावर दुपट्टा. मी लग्न होऊन अमरावतीहून इथं आले तेव्हापासून पाहिलं, हा माणूस खुर्चीवर कधी बसला नाही. पोतं, पेटी, टोपलं, कुणाची वळकटी, काहीतरी राखण्यासारखं जवळ असलं की त्याच्या काठावर बूड टेकायचं आणि एक हात त्यावर ठेवायचा. आमच्या घरी सत्यनारायणाला आले तरी दाराशी, चपलांजवळ. "भाऊ, आत या ना," म्हटलं की, "राहू द्या मॅडम, इथूनच आयकू येते." आणि कुणाची चप्पल कोणती हे त्यांना बिनचूक ठाऊक. जाताना प्रत्येकाच्या पायापुढे त्याचा जोड सरकवून द्यायचे. एवढ्यासाठी देवानं माणसाला डोकं दिलं का, सांगा!

बाजारात त्यांच्या एका बाजूला शकीलाबीची बांगड्यांची गाडी, दुसऱ्या बाजूला सांबार-मेथीवाला; कोथिंबिरीला आम्ही सांबार म्हणतो. शकीलाबी नमाजाला जायची, मेथीवाला चहाला जायचा, समोरचा फळवाला कुठंही जायचा. सगळे जाताना एकच म्हणत, "भाऊ, जरा पाहजा." आणि भाऊ पाहत. एका दसऱ्याला फळवाल्याचं लेकरू तापानं फणफणलं म्हणून तो दवाखान्यात गेला. भाऊ उठून त्याच्या ढिगाजवळ जाऊन बसले. दसऱ्याची सकाळ, झेंडूला सोन्याचा भाव, आणि यांचा झेंडू रस्त्याच्या पलीकडे पोत्याखाली झाकलेला! कमलवहिनी, म्हणजे भाऊंची बायको, दुपारी डबा घेऊन आल्या तोवर सगळ्या अकोल्याची तोरणं लागून गेली होती. वहिनींनी पोतं बाजूला केलं. दोन टोपली उचलली, कोपऱ्यावरच्या गाईपुढे उपडी केली आणि म्हणाल्या, "घे माय, तू तरी खाय."

"अवं, त्याचं लेकरू बिमार होतं," भाऊ म्हणाले.

"अन् आपली फुलं काय ठनठनीत होती ना उद्यापर्यंत?"

यावर भाऊंनी डोकं खाजवलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शकीलाबीच्या गाडीजवळ उभे. सुधारणा शून्य.

त्यांच्या पोरीचं, सुषमाचं लग्न अमरावतीला झालं. आम्ही सगळी गल्ली गेलो होतो. अंतरपाट धरला, मंगलाष्टकं सुरू झाली आणि नवरीचा बाप कुठं दिसेना. मला लगेच समजलं. वरच्या मजल्यावर धावले, तर हे नवरदेवाकडच्या सुटकेसांच्या ढिगावर बसलेले, मुठीत अक्षता.

"भाऊ! खाली पोरीचं लग्न लागून राहिलं!"

"मॅडम, या खोलीले कुलूप नाही. पाहुन्यायचं सामान हाय."

"मी थांबते ना! जा तुम्ही!"

"तुमी कश्या थांबता? तुमी तं मानाच्या."

आमची ही हुज्जत चालू असतानाच खाली बँड वाजला. भाऊ जिन्यापर्यंत पळाले आणि तिथूनच त्यांनी मूठ भिरकावली. अक्षता पडल्या त्या क्लॅरिनेटवाल्याच्या टोपीवर. चार दिवस वहिनी बोलल्या नाहीत त्यांच्याशी. मी आठ दिवस बोलले नाही.

अशा माणसाच्या बायकोच्या मनात आलं की जोडीनं वैष्णोदेवीला जायचं. सुषमा सुखानं नांदू लागली, तिला मुलगी झाली, तर आता दोघांनी मिळून देवीपुढे उभं राहायचं, एवढंच वहिनींचं मागणं. त्याला आता बरीच वर्षं झाली. कटऱ्याहून वर तेरा किलोमीटर चढ. वहिनींचे गुडघे वाजत, चष्म्यावर धूळ, बाजूनं घोडी धावतायत, समोरून येणारे "जय माता दी" म्हणतायत, आणि वहिनी दम खात खात मला सांगतायत, "मॅडम, लग्नानंतर आमी दोघं कोठीच जोडीनं नाही गेलो. आमच्या सत्यनारायनालेबी हे दाराशीच." मी म्हटलं, "आज नाही सुटत ते. पर्वतावर कुणाची फुलं राखतील?"

माझंच चुकलं. वर भवनात पोचलो तर सामान ठेवायच्या जागा भरलेल्या. आत मोबाईल नाही, पट्टा नाही, पर्स नाही, काहीच चालत नाही. आमची पंधरा माणसांची बोचकी. भाऊंनी कठड्याशी दुपट्टा अंथरला, भोवती पिशव्या रचल्या, पुढे चपलांचे जोड ओळीनं लावले आणि मधे बसले.

"मी आहो ना. जा तुमी."

वहिनींचा चेहराच पडला. "अवो, जोडीनं जाऊ म्हनलं होतं."

"तू पाहून ये. अन् मले सांग सारं. तुह्या डोळ्यानं पाहीन मी."

वहिनी तीन तास माझ्यापुढे रांगेत उभ्या होत्या. गुहेत शिरलो, गार हवा लागली, पुढे दिव्यांचा उजेड दिसला आणि तेवढ्यात कुणाचा तरी कोपर लागून वहिनींचा चष्मा खाली पडला. त्या तो उचलायला वाकल्या. वरून पहारेकरी ओरडला, "चलो माताजी, आगे चलो!" मागून रेटा आला. चष्मा हाती लागून त्या उभ्या राहिल्या तोवर आम्ही बाहेरच्या वाटेला लागलो होतो. बाहेर येऊन वहिनी भिंतीला टेकल्या आणि ढसाढसा रडल्या.

"मॅडम, मले निरी फरशी दिसली. लोकायचे पाय दिसले."

"पुन्हा रांग लावू."

"नाही. गाडी चुकन सगळ्यायची. पन त्यायले सांगू नोका. ते मह्यापायी बाहेर बसले, अन् मी काय सांगू, फरशी पाहून आली म्हनून?"

डोळे पुसले, चष्म्याची वाकडी झालेली काडी सरळ करायचा प्रयत्न केला आणि वहिनी नवऱ्याकडे गेल्या. भाऊ लहान पोरासारखे वाट पाहत बसलेले. "दिसली?"

"दिसली तं!" वहिनी म्हणाल्या. "हिरवंगार लुगडं. हातभर हिरव्या बांगड्या. नाकात नथ, आपल्या आंबाबाईले असते तशी. अन् मह्याकडे पाहून हासली बाप्पा!"

मी बाजूला उभी, तोंड उघडंच. आत जाऊन आलेल्या कुणालाही ठाऊक आहे, तिथं लुगडं नेसलेली मूर्ती नाही. तीन पिंडी आहेत, नुसत्या शिळा. आमच्यातली एक बाई काही बोलायला गेली, मी तिच्यावर असे डोळे वटारले की ती गप्पच बसली.

मग काय, दोन दिवस गाडीत भाऊ विचारतायत आणि वहिनी सांगतायत. लुगड्याचे काठ कसे होते? लाल. हासली ते दात दिसले का? नाही, ओठातल्या ओठात. अकोल्यात आल्यावर भाऊंनी ती देवी सगळ्या बाजाराला सांगितली. शकीलाबी खूश, कारण वहिनींसोबत तिनं बांगड्या धाडल्या होत्या. "हरी चूड़ियां थीं ना? तो मेरी ही होंगी," म्हणाली. एक किराणावाला जाऊन आलेला होता. तो म्हणाला, "भाऊ, आत तं पिंडी हायेत." भाऊ हसले. "ज्याले जशी दिसते, शेठ."

त्यानंतर तिसऱ्या वर्षी कमलवहिनी आजारी पडल्या त्या उठल्या नाहीत. शेवटच्या दिवसांत एका दुपारी भाऊ औषध आणायला गेलेले पाहून त्यांनी माझा हात धरला. "मॅडम, मी देवीच्या दारात खोटं बोलली. रोज ते मले इचारतात अन् रोज मी नवं सांगते. लय जड झालं आता. तुमी त्यायले एक डाव आत घेऊन जा. त्यायच्या डोळ्यानं पाहू द्या, मंग मह्या डोक्यावरचं उतरन." उशाखालून एक हिरवा खण काढून माझ्या हातात दिला. देवीला वाहायला आणलेला, त्या गर्दीत द्यायचाच राहून गेलेला. मी शब्द दिला. कशाला दिला देव जाणे.

कारण मग सुरू झाले माझे हाल. दोनदा आमचा जथा गेला, दोनदा मी भाऊंना सोबत नेलं. पहिल्या खेपेला मी म्हटलं, "आज सामान दुसरा कुणीतरी पाहील." भाऊ हो म्हणाले, आणि मी चहा घेऊन येईपर्यंत दुपट्टा अंथरून बसलेले. दुसऱ्या खेपेला रांगेपर्यंत आणलं, तर जथ्यातल्या एका म्हातारीला चक्कर आली. तिच्याजवळ थांबायला पन्नास माणसं होती, थांबले भाऊ. लोक म्हणायला लागले, "भाऊले मातेचा बुलावाच नाही." माझं डोकंच फिरायचं. अरे, बुलावा येऊन करतो काय? या माणसाला देवी स्वतः हाक मारायला आली असती, तरी म्हणाला असता, "तुमी आत व्हा, मी दार पाहतो."

शेवटची खेप दोन वर्षांपूर्वीची. भाऊ वाकले होते, गुडघ्याला पट्टा, अर्ध्या वाटेवरच्या अर्धकुवारीपर्यंतच चार वेळा बसले. मला दिसत होतं की पुन्हा हा चढ यांच्यानं होणार नाही. म्हणून मी अकोल्याच्या फलाटावरच सांगून ठेवलं होतं, "या वेळी सामानाजवळ मी. माझं दर्शन झालेलं आहे. तुम्ही नाही गेलात तर मी तुमच्याशी जन्मात बोलणार नाही." वर पोचल्यावर त्यांचा दुपट्टा मी ओढून घेतला, अंथरला, त्यावर बसले, आणि वहिनींचा खण त्यांच्या हातात कोंबला. "वहिनींचा आहे. हा वाहिल्याशिवाय परत यायचं नाही." भाऊ चार पावलं गेले, परत वळले, "मॅडम, निळ्या पिशवीची चैन तुटकी हाय, तिच्यावर हात ठेवजा." मी ओरडले, "जा!" गेले.

अडीच तासांनी जथा परत आला. कपाळाला टिळे, हातात प्रसाद. भाऊ नाहीत.

"आमच्या मांगंच होते."

"मागे म्हणजे कुठं?"

कुणाला धड सांगता येईना. मी सामान त्यांच्या अंगावर टाकलं आणि शोधायला निघाले. फार लांब जावं लागलं नाही. रांग जिथं तपासणीतून आत शिरते, त्या फाटकाच्या बाजूला कठड्याशी एक ढीग दिसला. पट्टे, पर्सा, पाण्याच्या बाटल्या, एक छत्री, आणि चपलांचे जोड ओळीनं लावलेले. मधे सुखदेवभाऊ, एक हात ढिगावर. ओळखीदेखीचं एक माणूस नाही, सगळे परमुलखातले!

"एक पंजाबी बाई रडकुंडीले आली होती," मला पाहताच ते घाईनं सांगू लागले. "पर्स आत नेऊ देईनात. म्हनलं आना, मी पाहतो. मंग तिच्या मांगचाबी म्हने, भाईसाब हमारा भी..."

मी काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. आजूबाजूची माणसं थांबून पाहत होती. पर्स घ्यायला आलेली ती बाई म्हणाली, "बहनजी, बहुत भले आदमी हैं." मी म्हटलं, "इसी का तो रोना है!" आणि खरंच रडायला लागले, संतापानं. "भाऊ, वहिनीला शब्द दिला होता मी! एकच गोष्ट मागितली त्या बाईनं!"

भाऊंनी एक पिशवी सरकवून जागा केली. "बसा मॅडम." मी बसले. मग ते खालच्या आवाजात म्हणाले, "आत तीन गोटे हायेत. मले मालूम हाय."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"इथं बसून चार खेपा झाल्या. लोक चपला घ्याले येतात, आपसात बोलतातच ना. कोनी लुगड्याचं नाव नाही काढलं. अन् कमल बाहेर आली होती तवा तिच्या चष्म्याची काडी वाकडी, डोळे लाल. मले तवाच समजलं, हिले काई दिसलं नाही. मी बाहेर बसलो म्हनून तिले सांगवलं नाही. मंग तिनं मह्यासाठी देवी बनवली, मॅडम. काठापासून नथीपर्यंत. आता मी आत जाऊन गोटे पाहू, अन् तिची खोटी पाडू? मी नाही पाहिलं तवरोक ती खोटी नाही."

माझा राग तेव्हा उतरायला हवा होता. उलट भडकला. "मग तिला सांगायचं होतं ना! समजलं म्हणून! ती मरेपर्यंत त्या एका खोट्यापायी झुरली, भाऊ. माझा हात धरून रडली. म्हणाली, लय जड झालं. तुमच्या एका शब्दानं ती मोकळी झाली असती!"

भाऊंनी ढिगावरचा हात काढून घेतला. हे त्यांना ठाऊक नव्हतं. समोरच्या चपलांकडे पाहत ते म्हणाले, "मले वाटे, तिले सांगन्यात मजा येते."

"येत नव्हती."

"मंग मले काहून नाही बोलली?"

"तुम्ही बोललात का?"

त्यांनी मान हलवली. नाही. दुपट्टा माझ्याकडे राहिला होता, म्हणून सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं. मग खिशातून तो खण काढला, त्याची घडी गुडघ्यावर सारखी केली, फाटकाकडे पाहिलं. मला वाटलं, उठले. आता उठले. भाऊंनी ढिगाकडे पाहिलं.

"हे लोक आले नाहीत अजून," ते म्हणाले.

मी कपाळावर हात मारला.

"तुमी जाऊन या मॅडम. तुमचंबी राहिलं मह्यापायी. खन देऊन या. अन् तिथं तेवढं सांगा..."

"काय सांगू?"

"सांगा, सुखदेवले समजलं होतं म्हना. पह्यल्या दिवशीच."

मी चप्पल काढली. त्यांनी ती उचलून ओळीत लावली. मी आत गेले. रांग, गार हवा, दिवे, रेटा, सगळं तेच. पुजाऱ्यानं माझ्या हातातून खण घेतला, मी तो निरोप पुटपुटले, पुरा झाला की नाही कोण जाणे, आणि "चलो माताजी" झालं. ढकलली जाताना मागे वळून पाहिलं तर कुठंतरी हिरवा एक कोपरा दिसला. बाकी मला काहीही धड दिसलं नाही.

परत आले तेव्हा ढीग बराच कमी झाला होता. एक छत्री, दोन पट्टे आणि माझी चप्पल. भाऊंनी लांबूनच पाहिलं आणि सरळ होऊन बसले, त्या पहिल्या खेपेला बसले होते तसे.

"सांगतलं?"

"सांगितलं."

मग माझ्याकडे न पाहता, छत्रीची दांडी पुसत त्यांनी विचारलं, "लुगडं कोन्तं होतं?"

मी शाळामास्तरीण. खोटं बोलणाऱ्या पोरांना बत्तीस वर्षं बाकावर उभं केलेलं.

"हिरवं," मी म्हटलं.

"अन् नथ?"

"होती. आणि भाऊ, हासली."

भाऊंनी मान डोलावली, माझी चप्पल पायापुढे सरकवली आणि म्हणाले, "तुमी व्हा पुढं. हे छत्रीवाले आले की येतोच मी."